बागेत बसून लिहायला खरंच सुचतं का?

कुंडीतली_कर्दळ

नमस्कार मंडळी. खूप दिवसांनी धागा काढतेय, प्रश्न थोडा बावळट वाटेल पण विचारतेच. आमच्या सोसायटीत आम्ही आठ-दहा जणी महिन्यातून एकदा जमतो, जे काय वाचलंय-लिहिलंय ते एकमेकींना ऐकवतो, आणि या वेळी विषय ठरलाय ‘माझी बाग’. कविता, ललित, काहीही चालेल. आता माझी बाग म्हणजे डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर खिडकीबाहेरची ग्रिल, त्यात बावीस कुंड्या, त्यातल्या पाचात नुसती माती. तरी मला वाटलं आपल्याला सोपं जाईल, बावीस तर बावीस, रोज पाणी मीच घालते ना. तर तीन रविवार झाले, सकाळी सहाला उठून चहा आणि वही घेऊन बसतेय. पहिल्या रविवारी जास्वंदीवर मिलीबग (ती पांढरी कीड) दिसला, तो जुन्या टूथब्रशने काढण्यात तास गेला. दुसऱ्या रविवारी खालच्या मजल्यावरचे पाणी ठिबकतंय म्हणून भांडायला आले. तिसऱ्या रविवारी काहीच झालं नाही, मी बसले, झाडंही बसली, शेवटी वहीत ‘हिरवंगार’ एवढं लिहिलं आणि खोडलं. मोगऱ्याकडे बघावं म्हटलं तर सासूबाई उजाडायच्या आत सगळ्या कळ्या देवाला तोडून नेतात, मग बघायला उरतं काय?

तर प्रश्न असा की हे मोठमोठे कवी-लेखक, ज्यांच्या लिखाणात झाडंफुलं नुसती ओसंडून वाहतात, त्यांना ते नेमकं सुचायचं कसं? बागेत बसून? फिरता फिरता? की सगळं नंतर घरात बसून रचलेलं? ‘निसर्गाच्या सान्निध्यात मन प्रसन्न होते’ असलं उत्तर नको प्लीज, ते माझ्या मुलीच्या निबंधाच्या गाईडमधे पण आहे. कुणाचं काही खरं माहीत असेल तर सांगा.

टवाळ_टोणगा

मिलीबगवरच लिहा की. पांढराशुभ्र, कापसासारखा मऊ, फांदीला घट्ट बिलगलेला, सोडवायला गेलं तरी सुटत नाही. नाव काढून टाकलं तर प्रेमकविता म्हणून खपेल.

मधली_सुट्टी

टोणग्या 😄

कर्दळताई, ‘नंतर घरात बसून’ याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण तर आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय, ती डॅफोडिल्सची कविता. मी इंग्रजी शिकवतो त्यामुळे दरवर्षी हे पुराण लावावं लागतं. १५ एप्रिल १८०२ ला वर्ड्सवर्थ आणि त्याची बहीण डोरोथी अल्सवॉटर नावाच्या तळ्याच्या काठाने चालत घरी निघाले होते, वारा भयंकर सुटलेला, आणि पाण्याकडेला त्यांना ही पिवळी फुलं दिसली, आधी थोडी, मग काठाने लांबच्या लांब पट्टाच. आता गंमत बघा, कवितेत पहिल्याच ओळीत साहेब म्हणतात मी एकटाच भटकत होतो. बहीण शेजारून चालतेय की! आणि त्याच दिवसाबद्दल डोरोथीच्या डायरीत काय आहे, तर काही फुलं दगडांवर डोकं टेकून होती, दमून उशीवर टेकावं तशी, आणि बाकीची डोलत होती, गरगरत होती, नाचत होती. नाच तिच्या डायरीत आधी आलाय. कविता लिहिली दोनेक वर्षांनी, छापली १८०७ मधे. आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन ओळी, ती फुलं मनाच्या डोळ्यापुढे लखकन येतात आणि तेच एकटेपणातलं सुख वगैरे, त्या बायकोने म्हणजे मेरीने दिलेल्या, हे त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. हे वर्गात सांगितलं की मुली हसतात आणि मुलं खाली मान घालून वहीत बघतात.

टिंगल सोडा, पण मला यातलं कामाचं काय वाटतं सांगू का, डोरोथी कविता करायला बसली नव्हती. तिची डायरी उघडून बघा, ब्रेड भाजला, वाटाणे लावले, पाऊस आला, डोकं दुखतंय, अमुक चालत आला आणि चहा पिऊन गेला, असंच पानंच्या पानं. त्यात मधेच ही फुलं. वही कवितेची आहे असं एकदा ठरवलं की हात आखडतो हो, माझा तरी आखडतो. त्यापेक्षा गॅसच्या नोंदींची, दुधाच्या हिशोबाची जी वही असेल ना तिच्यातच शेवटच्या पानावर लिहीत जा. मोगऱ्याला आज किती कळ्या, जास्वंदीचं कुठलं पान पिवळं पडलं. आणि अजून एक, दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ काढा, १९५६ चं आहे. त्याला बागेवरचं पुस्तक म्हणता येणार नाही, ते महिन्यांचं आहे. चैत्रापासून धरून एकेक मराठी महिना घेतलाय, त्या महिन्यात झाडाला काय होतं, आभाळाला काय होतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला लाज वाटली होती, शाळेच्या फाटकाशी जे झाड आहे त्याला कुठल्या महिन्यात नवी पालवी येते हे मला अकरा वर्षं नोकरी करून माहीत नव्हतं.

खान्देशी_बाणा

ताई, वही घेऊन बसायचं इथंच घोळ झालाय बघा. आमच्या जळगावच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचताच येत नव्हतं. आसोद्याचं माहेर, जळगावचं सासर, शेतात आणि जात्यावर काम करता करता ओव्या जोडायच्या, त्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, नि घरातल्या एकाने कागदावर उतरवून ठेवल्या म्हणून राहिल्या. त्या गेल्या १९५१ ला, मग सोपानदेवांनी ते बाड आचार्य अत्र्यांना दाखवलं आणि १९५२ ला पुस्तक निघालं. म्हणजे स्वतःच्या नावाचं पुस्तक त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

आता ही वडावरची बघा:

हिरवे हिरवे पानं, लाल फयं जशी चोच
आलं वडाच्या झाडाले जसं पीक पोपटाचं

(फय म्हणजे फळ, आमच्याकडे ळ चा य होतो, निंबोळीची निंबोयी, तसं.) फळाला आलेला वड ज्याने खालून मान वर करून बघितलाय त्याला कळेल की यात बनवाबनवी काहीच नाही. वडाची फळं फांदीला पानाच्या बेचक्यातच चिकटून येतात, लालभडक, मागे ते रुंद हिरवं पान. अगदी तोंड बाहेर काढलेला पोपटच. पण मला त्यात खरी गंमत वाटते ‘पीक’ या शब्दाची. शहरातला कवी असता तर ‘थवा’ म्हणाला असता. या बाईला पीकच आठवणार, कारण डोक्यात सदानकदा पीक. आणि शेतकऱ्याला पोपट म्हणजे काय तर ज्वारीच्या कणसावरचा चोर, गोफण घेऊन हाकलायचा. त्या चोराचंच पीक झाडाला आलं म्हणते! हे बागेत बसून सुचत नाही ताई, शेतातल्या राखणीच्या माळ्यावर उभं राहून ओरडून घसा बसला की सुचतं.

कडू निंबोळी शेवटी पिकून गोड होते ती ओळ पण त्यांचीच, ती तर म्हण असल्यासारखी लोक वापरतात.

आणि महानोर दादा. पळसखेडला स्वतः शेती केली त्यांनी, अजिंठ्याच्या डोंगराखाली. ‘रानातल्या कविता’ १९६७ ला आल्या तेव्हा पंचविशीतला पोरगा होता. विधान परिषदेत गेले तरी बोलायचे पाण्यावर आणि शेतीवरच. ऑगस्ट २०२३ मधे गेले, आमच्या गावात त्या दिवशी पाऊस होता एवढं आठवतं.

रोपवाटिकावाले

आमची उरुळीकडे नर्सरी आहे, साहित्यातलं फारसं कळत नाही पण सासूबाईंची तक्रार वाचली म्हणून लिहितो. तोडू द्या की हो त्यांना कळ्या. ज्ञानेश्वर माऊलींचा अभंग आहे ना, मोगरा फुलला मोगरा फुलला, फुले वेचिता बहरु कळियांसी आला. फुलं वेचता वेचता कळ्यांना बहर आला म्हणतात माऊली. लोक याचा अध्यात्मिक अर्थ सांगतात, तो असेलच, माझी ना नाही. पण माळीकाम करणाऱ्याला पहिल्यांदा तो सरळ अर्थच दिसतो. मोगऱ्याचं असंच आहे, कळी येते ती नव्या फुटव्याच्या शेंड्याला, जुन्या फांदीवर नुसती बघत बसलात तर काही येत नाही. फुलं झाली की त्या फांदीचा शेंडा दोन पेरं खाली कात्रीने उडवायचा, तिथून दोन फुटवे निघतात, दोन्हीच्या टोकाला परत कळ्या. थंडी सरता सरता एकदा चांगली छाटणी, जुनी पानं काढायची, थोडे दिवस पाणी कमी करायचं, मग शेणखत देऊन पाणी वाढवायचं, चैत्र-वैशाखात बघा. ऊन मात्र पाहिजे, निदान पाच-सहा तास. ग्रिलमधे कुठल्या दिशेला आहे?

आणि त्याच अभंगात, इवलेसे रोप लावियेले द्वारी, तयाचा वेलु गेला गगनावेरी. गिऱ्हाईक मला विचारतात की मोगऱ्याचं तर झुडूप असतं मग वेल कसा. असतो. आमच्याकडे वेली मोगरा म्हणून वेगळाच मागतात लोक, आधार दिला की चढतो. बट मोगरा, हजारी मोगरा, मदनबाण हे वेगळे. गगनापर्यंत जात नाही पण पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत गेलेला मी पाहिलाय.

सावता महाराज तर आमच्यातलेच. अरणला मळा होता त्यांचा, माढ्याजवळ. कांदा मुळा भाजी अवघी विठाबाई माझी. त्यांच्या अभंगात फुलंबिलं शोधू नका, भाजी आहे. लसूण आहे, मिरची आहे, कोथिंबीर आहे. आणि पुढे तर मोट, नाडा, विहीर, दोरी, अवघी व्यापिली पंढरी. नाडा म्हणजे मोटेचा जाड दोर. माझ्या आजोबांनी मोट हाकलीय, हाताला पडलेले घट्टे मी पाहिलेत. बागेवरच्या कवितेत पाणी ओढायचा दोर घालणारा दुसरा कुणी असेल तर सांगा. म्हणतात, ते कधी मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत, आणि आजही पालखी उलटी येते, पांडुरंगाची अरणला.

शंकासुर

सगळं छान चाललंय त्यात मीठ टाकायला आलोय, माफ करा. सावता महाराजांची समाधी १२९५ ची. मिरची हे झाड मूळचं अमेरिकेतलं, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलं सोळाव्या शतकात. मग तेराव्या शतकातल्या अभंगात मिरची आली कुठून?

रोपवाटिकावाले

हे मला माहीत नव्हतं. विचार करायला लावलंत राव.

मधली_सुट्टी

शंकासुर, मुद्दा बिनतोड आहे. पण मला तर ते वाचून अभंग जास्तच आवडला. तीन-चारशे वर्षं तोंडी चालत आलेली गोष्ट, आणि गाणारा कोण, तर स्वतः वाफ्यात पाणी सोडणारा. त्याच्या मळ्यात मिरची आली तेव्हा अभंगातही लावली त्याने. मूळ शब्द काय होता देव जाणे. म्हणजे या एका ओळीत किती अनाम माळ्यांचा हात लागलाय.

शंकासुर

किंवा कुणा लिहिणाऱ्याने यमकासाठी टाकली. पण ठीक आहे, तुमचं जास्त गोड आहे.

निशिकासाईकर

तोक्योहून लिहितोय, निशि-कासाईला राहतो, इथे आपले भारतीय भरपूर. दोन ट्रेन बदलून गेलं की सुमिदा नदीजवळ फुकागावा भाग येतो, तिथे हायकूवाल्या (हायकू म्हणजे तीन ओळींची जपानी कविता) बाशोचं छोटंसं म्युझियम आहे आणि नदीकाठी त्याचा पुतळा. बायकोला आवडतं म्हणून दोनदा गेलोय, मला आधी बाशो म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

तर बाशो म्हणजे केळ. खरंच, केळीचं झाड. हा माणूस १६८० मधे शहरातली गजबज सोडून फुकागावाला एका झोपडीत राहायला आला, तेव्हा त्याचं टोपणनाव होतं तोसेई म्हणजे हिरवं, कच्चं पीच. पुढल्या वर्षी एका शिष्याने केळीचं एक रोप आणून अंगणात लावलं. ते एवढं माजलं की लोक झोपडीलाच केळीची झोपडी म्हणायला लागले आणि मग त्यानेही तेच नाव घेऊन टाकलं. लेखकाने झाडावर लिहिणं ठीक आहे, इथे झाडाचं नावच लेखकाला लागलं.

आणि कर्दळताई तुमच्या मिलीबगसाठी खास, केळ लावल्यावर त्याने जो हायकू लिहिला त्यात केळीचं कौतुक नाहीये! तिथे नदीकाठी लव्हाळ्यासारखं एक गवत माजतं, त्याचे कोंब केळीच्या आसपास उगवायला लागले, आणि तो म्हणतो की केळ लावली आणि आता पहिल्यांदा राग कुणाचा येत असेल तर या कोवळ्या कोंबांचा. म्हणजे जे गवत याआधी त्याला बरं वाटत असणार त्याचाच आता राग यायला लागला. निंदणी करणाऱ्याचा हायकू आहे तो. दुसरा एक आहे वादळी रात्रीचा, बाहेर केळीची पानं फाटतायत आणि हा आत बसून परातीत गळणाऱ्या पावसाचे थेंब ऐकतोय. छप्पर गळत होतं तर! नंतर एका गद्यात त्याने लिहिलंय की मला ही केळ आवडते कारण ती कशाच्याच कामाची नाही, लाकूड म्हणून निरुपयोगी, फूल काही नावाजण्यासारखं नाही, पानं वाऱ्याने फाटतात. इकडच्या या केळीला खाण्यासारखी फळं धरत नाहीत. १६९२ मधे नवी झोपडी मिळाली तेव्हा जुनी केळ तिथे हलवून लावली होती.

मी मूळचा रत्नागिरीचा, त्यामुळे ‘निरुपयोगी केळ’ हे वाचून मला हसूच आलं. आमच्या आजीने ऐकलं असतं तर म्हणाली असती, अरे पानावर जेवतोस, केळफुलाची भाजी खातोस, सोपाने हार बांधतोस, आणि वर निरुपयोगी?

खान्देशी_बाणा

एका केळीवर माणूस एवढा मोठा कवी होत असेल तर आमच्या रावेर-यावलात घरटी कालिदास निघाला पाहिजे. लाखानं खोडं आहेत. आमच्याकडे केळीकडे बघून दोनच गोष्टी सुचतात, आजचा भाव काय आणि वादळ येतंय का. वादळाचं मात्र त्या बाशोचं पटलं. पानं फाटायचा तो आवाज ज्याने रात्री ऐकलाय त्याला झोप लागत नाही, त्याची एक केळ होती, आमची पाच एकर असते.

बॉटनीच्या_बाई

मी ३१ वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. माझा अनुभव असा की लिहिणारी मुलं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या झाडांची वही, छान करतात. का ते नंतर सांगते, आधी एमिली डिकिन्सन.

या बाई अमेरिकेत अ‍ॅमहर्स्ट गावात राहिल्या, पुढची बरीच वर्षं तर जवळजवळ घरातच. त्यांच्या हयातीत जेमतेम दहाएक कविता छापल्या गेल्या, गेल्यावर सापडल्या अठराशेच्या आसपास. गावात त्यांची ओळख कवयित्री अशी नव्हतीच, ‘छान बाग करणाऱ्या बाई’ अशी होती. वडिलांनी घराला लागून काचेची छोटी खोली बांधून दिली होती, बाहेर बर्फ असतानाही त्यात फुलं. शेजारपाजारी कुणी आजारी, कुणाकडे काही झालं की फुलांबरोबर चार ओळींची चिठ्ठी. त्या चिठ्ठ्यांतल्या कितीतरी आज कविता म्हणून पुस्तकात आहेत.

पण याच्या आधी, शाळकरी वयात, त्यांनी एक हर्बेरियम केलं होतं. ६६ पानं, ४२४ नमुने. आता हार्वर्डला आहे, मूळ वही इतकी नाजूक झालीय की हात लावू देत नाहीत, पण पानांचे फोटो नेटवर सगळ्यांना बघता येतात, जरूर बघा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पहिल्याच पानावर आपल्या जाई-मोगऱ्याच्या कुळातलं फूल दिसलं आणि उगाच आनंद झाला. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने देठांशी चिंचोळ्या चिठ्ठ्या चिकटवून त्यावर लॅटिन नाव लिहिलंय, सुवाच्य अक्षरात. काही नावं चुकलीयत, असू दे, माझ्या एमेस्सीच्या मुलांची पण चुकतात.

आता ज्यांनी हर्बेरियम केलं नाही त्यांना सांगते काय असतं ते. झाड उपटून वर्तमानपत्रात ठेवायचं, पण ठेवताना ठरवावं लागतं की फुलाचा चेहरा वर हवा की बाजूने, एक पान तरी उलटं हवं म्हणजे मागची बाजू दिसेल, कळी, फूल, फळ तिन्ही आलं पाहिजे. रोज कागद बदलायचा नाहीतर बुरशी धरते. आठवडाभर एका टाकळ्याकडे बघावं लागतं हो! मग लक्षात येतं की याची पानं रात्री मिटतात, याच्या शेंगेला असा बाक असतो. आमच्या वर्गात एक मुलगा होता, हर्बेरियमच्या लेबलवर ‘शेरा’ असा रकाना असतो त्यात तो लिहायचा, ‘गाढवांनी न खाल्लेले’, ‘एसटी स्टँडच्या मुतारीमागे, तरीही फुललेले’. मी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि मोडरेटरने मला झापलं. तो पुढे कवी वगैरे झाला नाही, पोल्ट्री आहे त्याची. पण ते शेरे मला अजून पाठ आहेत.

टवाळ_टोणगा

‘मुतारीमागे, तरीही फुललेले’ हे कुणी वापरलं नाही तर मी घेतो.

फूटपाथवर_राहतो

मला हे सगळं जरा जास्तच हिरवं वाटतंय. बाग म्हणजे ज्याच्याकडे जागा आहे, वेळ आहे, पाणी आहे त्याचा छंद. मर्ढेकरांना कुठे बाग लागली, पिपातल्या मेलेल्या उंदरांवर मराठीतली सगळ्यात जबर कविता लिहून गेले. ज्याला लिहायचंय तो लिहितो, समोर मोगरा असो नाहीतर गटार.

आणि बागेतून दरवेळी काहीतरी ‘निघालंच’ पाहिजे हा हट्ट कशाला? इंग्रज कादंबरीकार जॉर्ज ऑर्वेल घ्या. १९३६ मधे वॉलिंग्टन नावाच्या खेड्यात राहायला गेला, तिथे स्वस्तातली, सहा पेन्सवाली गुलाबाची रोपं लावली, कोंबड्या पाळल्या, बकरी पाळली. त्याची घरगुती डायरी उघडली तर आज किती अंडी मिळाली याच्या नोंदी! नंतर एका सदरात त्याने गुलाबांवर लिहिलं तर कुणा बाईंचं संतापून पत्र आलं की फुलं म्हणजे बुर्ज्वा चोचले. (मी वर जे लिहिलं ते याच बाईंसारखं झालं हे आत्ता लक्षात आलं, असो, खोडत नाही.) तर त्या गुलाबांतून त्याला कादंबरी सुचली असं मला वाटत नाही, तासभर डोक्यातून कादंबरी गेली असेल. मला विचाराल तर कर्दळताईंनी मिलीबग घासला तो तास वाया गेला नाही, वही घेऊन बसल्या ते तास गेले.

बोलपूर_रिटर्न

बँकेत होतो, तीन वर्षं बोलपूरला पोस्टिंग होतं, शांतिनिकेतन सायकलच्या अंतरावर. रवींद्रनाथांचं एक सांगतो. त्यांच्या अंगणात पिअर्सन नावाच्या त्यांच्या इंग्रज मित्राने एक परदेशी वेल लावली होती. पिअर्सन १९२३ मधे वारले. वेल बरीच वर्षं नुसती वाढत होती, फूल नाही काही नाही, आणि एके दिवशी निळ्या फुलांचे घोसच्या घोस आले. आता हिला म्हणायचं काय? बंगालीत नावच नव्हतं. मग त्यांनी नाव ठेवलं नीलमणिलता, आणि त्या नावाने कविता लिहिली. आपल्या नर्सऱ्यांत तीच पेट्रिया म्हणून मिळते, रोपवाटिकावाले ओळखतील, पानं पॉलिश पेपरसारखी खरखरीत. अशी आणखी काही झाडांची नावं त्यांनी ठेवली, लाल-पांढऱ्या फुलांची ती मधुमालती म्हणून आपण लावतो ना, तिला मधुमंजरी. झाडांवरच्या कवितांचं त्यांचं आख्खं पुस्तक आहे, ‘वनवाणी’. १९२८ पासून तिथे पावसाळ्यात वृक्षारोपणाचा उत्सव करतात, रोपाला पालखीत बसवून वाजतगाजत आणतात, आम्ही ब्रँचमधून निम्मे लोक बघायला पळायचो.

मला त्यात हे लक्षात राहिलं की कविता वेलीची आहे खरी, पण वेल लावणारा माणूस गेलेला होता, आणि फूल तो बघू शकला नाही.

रोपवाटिकावाले

पेट्रिया ओळखतो की. तीन-चार वर्षं फुलत नाही म्हणून गिऱ्हाईक परत आणून देतात. आता हे सांगेन त्यांना.

कुंडीतली_कर्दळ

बापरे, एवढं सगळं! मी दोन दिवस ऑफिसच्या ट्रेनमधे वाचत होते, एकदा तर दिवा स्टेशनावरून पुढे गेलेलं कळलंच नाही. सगळ्यांचे खूप आभार. सासूबाईंना मोगऱ्याचा अभंग ऐकवला, त्या म्हणाल्या मला शिकवतेस होय, मी काय उगीच तोडते? कात्री मात्र त्यांनीच आणून दिली. रोपवाटिकावाले, ग्रिल पश्चिमेला आहे, दुपारी दोननंतर ऊन येतं ते सूर्य बुडेपर्यंत.

वही बंद केली आणि मधली_सुट्टी सरांनी सांगितलं तसं दुधाच्या कॅलेंडरवर लिहायला लागले. म्हणजे १ लिटर, १ लिटर, दीड लिटर, जास्वंद ३, १ लिटर, खालच्यांना सॉरी म्हणून आले. त्यात एक गोष्ट सापडली. पाच रिकाम्या कुंड्या सांगितल्या होत्या ना, त्यांतल्या एकीत मी किचनचा ओला कचरा पुरत असते, तिथे काहीतरी उगवलंय. मी लावलेलं नाही. कॅलेंडरवर बघितलं तर मंगळवारी मी लिहिलंय ‘कुंडी ४, गवत, उपटायचं’, आणि उपटलं नाही कारण बाई लवकर आली. आज ते वीतभर झालंय, गवत नाहीच ते. त्या बाशोचं वाचल्यामुळे हात गेला नाही उपटायला. सासूबाई म्हणतात पपई, मुलगी म्हणते मिरची (शंकासुरांना नमस्कार), नवऱ्याने मोबाईलच्या अ‍ॅपवर फोटो काढला तर त्यात तीन नावं आली, तिन्ही परदेशी.

लिहायला म्हणाल तर चार ओळी झाल्यात, या नाव नसलेल्यावरच. इथे टाकत नाही, गटात वाचून झाल्यावर बघू. पण आधी ते आहे काय हे कळलं पाहिजे, नाहीतर शेवटची ओळ अडलीय.

टवाळ_टोणगा

नावच ठेवून टाका की. रवींद्रनाथांनी परवानगी मागितली होती का कुणाची?

बॉटनीच्या_बाई

थांबा थांबा, नाव नंतर. कर्दळ, फोटो नकोच, मला सांग पानं देठावर समोरासमोर जोडीने आहेत की एकाआड एक? कडा सरळ आहे की करवतीसारखी? खोडाला लव आहे का? आणि एक छोटं पान चुरगाळून वास घे, टोमॅटो-मिरचीच्या कुळातलं असेल तर लगेच कळेल. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर सासूबाई जिंकल्या.

कुंडीतली_कर्दळ

आत्ता ट्रेनमधे आहे. घरी गेल्यावर बघते, साडेसात होतील. कोपरभर वाढेपर्यंत कुणीही त्याला हात लावू नका म्हणून चिठ्ठी चिकटवून आलेय कुंडीला.

खान्देशी_बाणा

चीक आला का?